मायनं सांगितलेलं इंग्रजी

गेल्या महिन्यात शैला मॅडमच्या मुलीचा फोन आला. "आई गेली ते तुम्हाला कळलंच असेल. सिडकोतला फ्लॅट रिकामा करतेय. एका पुस्तकाला तुमच्या नावाची चिठ्ठी लावलीये तिनं. येऊन घेऊन जाल?"

गेले. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत भिंतीवर फोटोंच्या जागी पांढरे चौकोन उरले होते आणि बंद पडलेल्या कूलरला अजून वाळ्याचा वास होता. मॅडमच्या मुलीनं पुस्तक हातात दिलं. तपकिरी पुठ्ठा, त्यावर खांद्यावर कुदळ घेतलेली एक मुलगी, मागं अडून उभं राहिलेलं खेचर. बांधणी कधीतरी डिंकानं सांधलेली. मी ते उघडायच्या आधी नाकाशी नेलं. डांबरगोळी, डिंक, जुना कागद. आणि या सगळ्याच्या खाली, दुसऱ्या कुणाला पटणार नाही, पण मला शेळीचा वास आला.

जिना उतरून खाली आले तेव्हा रिक्षावाल्यानं विचारलं, "कुठं?" आणि मी माझ्या आताच्या घराचा पत्ता न सांगता म्हणाले, "मुकुंदवाडी."

आम्ही मुकुंदवाडीला रेल्वे स्टेशनच्या अलीकडं, पत्र्याच्या दोन खोल्यांत राहायचो. शहर तेव्हा औरंगाबाद होतं. दादा चिकलठाण्याच्या एका कंपनीत वॉचमन, आणि मायच्या तीन शेळ्या. तिचं माहेर पैठणच्या बाजूचं, मेंढरांमागं फिरणारं. लग्नाआधी वर्षातले आठ महिने ती उघड्या रानात राहिलेली, म्हणून तिचा आवाज रानाएवढा होता. चार शेतं पलीकडं असलेल्या भावाला हाक मारायची सवय. शेजारणीशी हळू बोलायची तरी पत्रा वाजायचा. सकाळी शेळ्यांना सोडताना तिच्या शिव्या सुरू व्हायच्या आणि त्या ऐकत मी दात घासायची. उन्हाळ्यात गल्लीतल्या नळाचं पाणी, तव्यावरची भाकरी, ओल्या लेंड्यांचा वास आणि परभणीकडं जाणाऱ्या पॅसेंजरची शिट्टी, हे सगळं मिळून आमची सकाळ.

शाळा सिडकोत होती. तिथं मुलं वेगळी बोलायची. मी एकदा 'मपलं पुस्तक' म्हणाले तर सगळा वर्ग हसला. शैला मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी फक्त सांगितलं, "'मपलं' नाही, 'माझं'. 'नाय' नाही, 'नाही'." इंग्रजी शिकवायच्या त्या, पण मराठीही दुरुस्त करायच्या, मायेनंच करायच्या. मी लवकर शिकले. शाळेची गल्ली लागली की एक भाषा काढून ठेवायची, परत येताना ती चढवायची. हळूहळू ती चढवणंही मला नकोसं झालं. घरी मायला म्हणायची, "लई नको म्हणू, खूप म्हण." ती म्हणायची, "लई म्हनलं की कसं लई वाटतं. खूप म्हनलं की थोडंच वाटतं."

सातवीत पालकसभा आली. दादांची ड्यूटी होती, म्हणून माय निघाली. ट्रंकेतलं हिरवं इरकल काढलं, डोक्याला तेल लावलं. वाटेत मी म्हणाले, "माय, तिथं काही बोलू नको."

"काहून?"

"नको बोलू. एवढंच."

तिनं मान हलवली. वर्गात आम्ही मॅडमच्या टेबलापुढं उभ्या राहिलो. मॅडम हसून म्हणाल्या, "तुमची मुलगी इंग्रजीत फार हुशार आहे. घरी कोण घेतं अभ्यास?"

मायच्या चेहऱ्यावर असा आनंद उमटला की ती माझं बजावणं विसरली. तिनं तोंड उघडलं. तो आवाज बाहेर पडायच्या आत, मागच्या बाकावर बसलेल्या मुली आणि त्यांच्या इस्त्रीच्या साड्यांतल्या आया मला दिसल्या, आणि मी म्हणाले, "मॅडम, आईला बोलता येत नाही."

मॅडमचा चेहरा एकदम मऊ झाला. "अगं बाई," एवढंच त्या म्हणाल्या. मायनं माझ्याकडं पाहिलं. फार नाही, डोळ्याचं पातं लवेपर्यंत. मग तिनं ओठांवर बोटं ठेवली, हात हलवून 'नाही' अशी खूण केली, आणि हसली.

परत येताना आम्ही रेल्वे फाटकाशी आलो. फाटक बंद होतं. गाडी गेली, धूळ बसली, तेव्हा माय म्हणाली, "शेळ्याला पाला घ्यायचाय. चल." त्या दिवसाबद्दल तिनं मला कधीच, एका शब्दानं विचारलं नाही. मला वाटलं, विसरली. पण तिनं ते पाळलं होतं, नवस पाळतात तसं.

ते मला बाजारात कळलं. रविवारी माय भाजीवालीशी वांग्यांवरून भांडत होती. "ही वांगी हायती का दगडं? आन वरून..." आणि मधेच ती थांबली. गर्दीतून शैला मॅडम येत होत्या. मायनं पुढचं सगळं भांडण हातांनी केलं. वांगं उचलून त्यातलं कीड लागलेलं भोक दाखवलं, दोन बोटं, मग एक बोट, मग कपाळावर हात. भाजीवाली घाबरून बघत राहिली. "आवं काय झालं तुम्हाला एकाएकी?" मॅडम जवळ आल्या, मायचा हात हातात घेऊन बोलल्या, माझ्या डोक्यावरून हात फिरवून पुढं गेल्या. त्या दिसेनाशा होईपर्यंत माय गप्प होती. मग तिनं वाक्य सोडलं होतं तिथून उचललं. "...आन वरून भाव सोन्याचा!"

असं पावणेदोन वर्षं चाललं. मॅडम माझ्यावर जास्तच माया करू लागल्या, कोऱ्या पानांच्या वह्या द्यायच्या, डबा विचारायच्या. ती माया घशाखाली उतरायची नाही.

आठवीची परीक्षा झाली त्या दिवशी मॅडमनी ते तपकिरी पुस्तक मला दिलं. दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेत, कॅलिफोर्निया नावाच्या भागात नदीच्या वाळूत सोनं सापडतं अशी आवई उठली आणि माणसं घरदार सोडून धावली, त्या दिवसांतली मुलांसाठी लिहिलेली गोष्ट. बारा वर्षांची पोरगी, तिचा बोळक्या तोंडाचा आजा आणि एक हट्टी खेचर. "सुट्टीत यातलं एक प्रकरण मराठीत करून आण," मॅडम म्हणाल्या. "शाळेच्या हस्तलिखितात घेऊ."

मी हरखून घरी आले आणि पहिल्याच पानावर अडकले. ती पोरगी आणि तिचा आजा असलं इंग्रजी बोलत होते की माझं व्याकरण त्याच्यापुढं हात टेकायचं. 'प्लम टकर्ड आउट' म्हणे. डिक्शनरीत 'प्लम'च्या स्पेलिंगपुढं गवंड्याचा ओळंबा निघाला, 'टक'पुढं खोचणे. मी लिहिलं, 'मी ओळंब्याने बाहेर खोचली गेले आहे.' आजा खेचराला 'डॅड-ब्लास्टेड' म्हणायचा. मी लिहिलं, 'वडिलांचा स्फोट झालेले खेचर.' नवख्या माणसाला सगळे 'ग्रीनहॉर्न' म्हणायचे, म्हणजे हिरवं शिंग. आणि ज्याला त्याला हत्ती बघायचा होता. पानोपानी हत्ती. मी पुढची चाळीस पानं हत्ती कधी येतो म्हणून वाचली. आलाच नाही.

शेवटी मी औरंगपुऱ्याला गेले. तिथं फुटपाथवर मुश्ताकचाचा जुनी पुस्तकं विकायचे. तरुणपणी ते वेरूळच्या लेण्यांत गाइड होते. अमेरिकेहून आलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना कैलास दाखवता दाखवता त्यांचं इंग्रजी उचललेलं. त्यांनी चष्मा पुसला, पान वाचलं आणि पोट हलवून हसले.

"हौ! ये किताबवाली अंग्रेजी नक्को समझो बेटा. ये अमरीका के देहात की बोली है, वो बी पुरानी. डिक्शनरी में कायकू मिलती?"

"म्हणजे चुकीचं इंग्रजी?"

"चुकीचं कायकू? जैसा मैं बोलताऊँ हौ, नक्को. जैसा तुम्हारे गांव में बोलते लई, व्हय. अंग्रेजी में बी हौ-नक्को रहता, बेटा. उनों ने छाप दिया, अपन शरमाते बैठे."

मग त्यांनी एकेक शब्द सांगितला. हिरवं शिंग म्हणजे अनाडी, नवखा. खोचलेला ओळंबा म्हणजे थकून चूर. बापाचा स्फोट ही मुलांपुढं चालेल अशी शिवी. आणि हत्ती? "बड़े अरमान से दूर गए, सब देखा, सब झेला, हाथ कुछ नहीं आया. वापस आके बोलते, हाथी देख लिया."

मी चालत घरी आले. रणरणतं ऊन होतं, चपलेला डांबर चिकटत होतं. इंग्रजीतसुद्धा गावरान असतं, ते छापतात, पुठ्ठ्यात बांधतात, समुद्र ओलांडून पाठवतात, आणि मॅडमच्या कपाटात ते असतं. हे कुणीच मला सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी मायबरोबर शेळ्यांमागं गेले. रुळांच्या कडेला बाभळी होत्या, त्यांच्या शेंगा पडलेल्या. माय आकडी लावलेली काठी घेऊन फांद्या हलवायची, शेंगा खुळखुळ वाजत खाली यायच्या आणि शेळ्या धावायच्या. मी खडीवर बसून गोष्ट सांगू लागले. मायला अमेरिका ठाऊक नव्हती, पण तिला खेचर लगेच कळलं.

"अडून बसलंय व्हय? आन ती पोर काय म्हनती त्याला?"

"शिवी देतेय. पण हलकी. लहान मुलांनी वाचायची आहे."

"'मुडदा बसिवला तुपला, पाय उचल की!' असं म्हन. ह्यात काय वाईट हाय? मी तुला रोज म्हनते."

मी लिहून घेतलं. मग थकण्याचं विचारलं.

"किती चालली ती?"

"दोन दिवस. डोंगरातून."

"मंग 'दमले' नाय म्हनायची. दमतंय मानूस पान्याची घागर आनून. दोन दिस चाललं की आंग आंबतंय. 'पार आंग आंबून गेलं गं माय' असं म्हनंल."

आणि हिरवं शिंग? ती ऐकून खूश झाली. "म्हनजे त्यांच्यात बी मेंढरं हायती! कवळं शिंग म्हन. मेंढ्याचं शिंग कवळं हाय तवर त्यानं टक्कर घ्यायची नसती. पन त्यालाच लई खाज असती."

तो उन्हाळा मला वासांनी आठवतो. बाभळीच्या शेंगांचा उग्र वास, तापलेल्या रुळांचं लोखंड, पैठणकडून आलेल्या खरबुजांचा गोड आंबूस वास. मायच्या पदरात बांधलेला भाकरीचा तुकडा आणि मिरचीचा ठेचा. गाडी आली की माय बोलायची थांबायची नाही, उलट गाडीवर आवाज चढवायची. मी वर्षानुवर्षं जो आवाज दाबायला बघत होते, तो मी त्या सुट्टीत वहीत भरून घेत होते. एकच जागा कोरी राहिली. हत्तीचं सांगितल्यावर ती शेळ्यांमागं उठली. म्हणाली, "ह्याचं इच्यार करून सांगते." मी परत विचारलं नाही.

जूनमध्ये शाळा उघडली. मी वही दिली, पुस्तक परत केलं. चार दिवसांनी मॅडमनी मला स्टाफरूममध्ये बोलावलं. त्या वही वाचत होत्या आणि हसत होत्या. मला वाटलं, पुन्हा 'नाय'वर लाल रेघ. पण रेघ एकही नव्हती.

"'टक्कर घ्यायची त्यालाच लई खाज असती,'" त्यांनी मोठ्यानं वाचलं. "हे शब्द तुझे नाहीत. तू असं लिहायला लाजशील. कुणाचे आहेत?"

मी 'आजीचे' असं तयार ठेवलं होतं. आजी मी तिसरीत असतानाच गेलेली, तिला कुणी शोधत येणार नव्हतं. पण ते ओठांवर आल्यावर मला वाटलं की पावणेदोन वर्षांमागं मी मायचा आवाज काढून घेतला, आणि आता तिचे शब्दही काढून मेलेल्या बाईला देतेय.

"आईचे," मी म्हणाले.

वर पंखा खटखट करत होता. मॅडमनी वही मिटली.  मला रडू फुटलं, पण त्यांनी जवळ घेतलं नाही, रागावल्याही नाहीत. "शनिवारी दुपारी मी तुझ्याबरोबर घरी येते," एवढंच म्हणाल्या.

मी मायला सांगितलं नाही. भ्यायले होते.

शनिवारी रिक्षातून उतरून आम्ही गल्लीच्या तोंडाशी आलो तेव्हाच पत्र्याच्या कुंपणापलीकडून तो आवाज आला. "आगं ए वाटोळी, दाव्यात पाय घालून बसली व्हय? तुपल्या मायनं तरी केलं व्हतं का असं?" मॅडम थांबल्या. मी जमिनीकडं बघत होते. माय शेळीच्या सात पिढ्या उद्धरत होती आणि मॅडम हातातली छत्री धरून, अगदी स्थिर उभ्या राहून ऐकत होत्या.

मग आम्ही आत गेलो. मायनं वळून पाहिलं आणि तिचा आवाज जागच्या जागी विझला. हात पुसत ती पुढं आली. ओठांवर बोटं, हसू, बाजेकडं बोट, बसा. ओंजळ तोंडाशी नेऊन, पाणी? सवयीनं त्या खुणा इतक्या सफाईदार झाल्या होत्या की मला बघवेना. मॅडम बाजेवर बसल्या. पाणी प्यायल्या. वही उघडून त्यांनी ती कोरी जागा दाखवली. "ताई, इथं एक शब्द राहिलाय. तो तुम्हालाच विचारायला आले."

मायनं माझ्याकडं पाहिलं. बोलू की नको, हे ती मला विचारत होती.

"बोल माय," मी म्हणाले. "मी सांगितलंय त्यांना. बोल गं."

 ती माझ्या पुढ्यात येऊन उभी राहिली, मी तिच्या मागं झाकले जाईन अशी, आणि मॅडमना म्हणाली, "पोरीला मारू नका."

मॅडमनी मान हलवली.

"खोटं नाय बोलली ती. तुमच्यावानी बोलता येतंच नाय मला."

"मला तरी कुठं येतं तुमच्यासारखं," मॅडम म्हणाल्या.  "तिचं प्रत्येक 'नाय' मीच खोडत आले, ताई. त्याचं हे असं होईल हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं."

"तुमचं बी बरोबरच व्हतं. शाळा हाय ती." माय खाली भुईवर टेकली. "दोन वरसं झाली, तुमच्याशी बोलायचं लई मनात व्हतं. बाजारात तुम्ही हात धरला, तव्हा तर लईच. पन पोरीचा शबुद." मग ती वहीकडं बघून म्हणाली, "हत्तीचं इचारता ना? त्याचा इच्यार केलाय मी. आमी लगीन करून हितं आलो, तव्हा ह्ये म्हनले व्हते, शहरात घरात पानी येतंय, दिव्याला रॉकेल लागत नाय, पाऊस पडू नाय तर ना पडू. आलो. समदं हाय हितं, खोटं नव्हतंच. लोकाच्या घरात हाय. तर असं लिवा, 'हत्ती डोळ्यानं पाह्यला, दावनीला नाय आला.'"

मॅडमनी ते स्वतःच्या हातानं लिहिलं. त्या वर्षीच्या हस्तलिखितात माझ्या नावाखाली त्यांनी आणखी एक ओळ घातली, 'शब्द : कौसाबाई.' मी वाचून दाखवल्यावर माय म्हणाली, "मंग आडनाव बी लिवायचं ना, माहेरचं. शबुद तर तिथलेच हायती."

आता मुकुंदवाडीत ती गल्ली काँक्रीटची झालीय. आमच्या पत्र्याच्या जागी तीन मजली इमारत आणि खाली मोबाइलचं दुकान. रुळांकडची बाभळ एकही नाही. मी रिक्षा थांबवून उतरले, थोडी उभी राहिले. माय जाऊन तीन वर्षं झाली. मी कॉलेजात इंग्रजी शिकवते, मुलांची पुस्तकं मराठीत करते, कधी अडले की अजून तिचा आवाज आठवून बघते. त्या पालकसभेबद्दल मी तिची माफी मागितली नाही. मागायला तोंड उघडलं की ती काही ना काही काम सांगायची. तिला ते ऐकायचंच नव्हतं, की मीच तेवढ्यावर सुटका करून घेत होते, हे मला आजही सांगता येत नाही.

त्या शनिवारी मॅडम निघाल्या तेव्हा माय म्हणाली, "स्टापपर्यंत येते." मी शेळ्यांपाशी थांबले. दोघी रुळांच्या कडेकडेनं निघाल्या, एक छत्री घेतलेली, एक अनवाणी. माय बोलत होती. बस दोन गेल्या, तरी त्या स्टॉपवर उभ्याच. तिसरीही गेली. उन्हं कलली, माणसं कामावरून परतू लागली, आणि माझी माय हातवारे करत, मान मागं टाकून हसत, पावणेदोन वर्षांचं सगळं बोलत होती. मॅडमनी छत्री मिटून काखेत घेतली होती.